हेवी लायसन निघेल, पण ट्रक हातात कधी येईल?

सांगोल्याकडच्या एका २२ वर्षांच्या मुलाचा प्रश्न आहे. दोन वर्षं पिकअपवर डाळिंबाचे क्रेट सोलापूरला आणि पुण्याच्या मार्केट यार्डात पोचवतोय, लायसन चारचाकीचं, दहावीला गणितात अडकला आणि शाळा सुटली. आता मोठ्या गाडीवर जायचंय. एजंट म्हणतो क्लास नको, टेस्ट नको, पैसे दे, लायसन घरी येईल. ट्रेनिंग सेंटरवाले म्हणतात सहा आठवडे ये. मग ट्रेनिंग नक्की किती लागतं, आणि लायसन हातात पडलं की लगेच काम मिळतं का?

वयाने माझ्या धाकट्या पोरापेक्षा लहान आहेस, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मी एकवीस वर्षं हेवी चालवली, निम्मी सहा आणि दहा टायरवर, निम्मी ट्रेलरवर. गुडघा गेल्यावर गेली आठ वर्षं कराडजवळ पोरांना हेवी शिकवतो. एक प्रश्न विचारलास, पण त्यात दोन अडकलेत. कायद्याला किती ट्रेनिंग पुरतं, आणि मालकाला किती पुरतं. पहिल्याचं उत्तर छापील आहे. दुसऱ्याचं कोणी लेखी देत नाही, आणि तुझी अडचण तिथेच येणार आहे.

छापील उत्तर आधी उरकून घेऊ. ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला वय २० पूर्ण लागतं, ते तुझं झालं. हेवीचं लर्निंग मिळण्याआधी हलक्या चारचाकीचं पक्कं लायसन किमान एक वर्ष जुनं लागतं, तेही झालं. शिक्षणाची अट पूर्वी होती, आठवी पास. ती २०१९ मध्ये काढून टाकली, त्यामुळे गणिताचं ओझं डोक्यावरून उतरव. डॉक्टरचा दाखला नमुना १-ए मध्ये लागतो. दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, रंगांधळेपणा तीव्र आहे का, ऐकू नीट येतं का, असं त्यात असतं. हा दाखला सही-शिक्क्यापुरता घेऊ नकोस, डोळे खरोखर तपासून घे. माझ्याकडे आलेल्या एका पोराला चष्म्याचा नंबर आहे हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. रात्री समोरच्या गाडीचा लाईट फुटल्यासारखा दिसतो म्हणायचा, आणि त्याला वाटायचं सगळ्यांनाच तसं दिसतं.

सारथी या सरकारी लायसनच्या वेबसाइटवर ऑनलाइन अर्ज, लर्निंग, मग किमान तीस दिवस थांबून टेस्ट. लर्निंगची मुदत सहा महिने. त्या काळात शेजारी लायसनवाला माणूस बसलेला पाहिजे आणि गाडीला पुढे-मागे ‘एल’ पाहिजे. हेवीच्या पक्क्या लायसनला ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ५, जोडावंच लागतं. ‘क्लास नको’ म्हणणारा एजंट ते प्रमाणपत्र कुठून तरी विकत आणणार आहे, एवढाच त्याचा अर्थ. ट्रान्सपोर्टचं लायसन एका वेळी पाच वर्षांचं मिळतं. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते, तारीख लक्षात ठेव.

जाता जाता तुझ्या आत्ताच्या पिकअपबद्दल. पोलिसाने अडवून ‘ट्रान्सपोर्टचा शिक्का कुठाय’ म्हणून कधी पिळलं असेल, तर सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिलाय. एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा कमी असेल तर हलक्या चारचाकीच्या लायसनवर मालवाहू गाडीही चालते. पिकअप त्यात आरामात बसते. पण त्या निकालाच्या आधारावर कोणी तुला सहा टायरवर बसवायला लागला तर खाली उतर.

आता क्लास. नियमाने हेवीचं ट्रेनिंग किमान तीस दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान पंधरा तास. हिशोब कर, दिवसाला अर्धा तास झाला. क्लासच्या गाडीत एका वेळी चार-पाच पोरं चढवतात, एक चालवतो, बाकीचे मागे बसून मोबाईल बघतात. नियम पाळला गेला तरी महिन्याच्या शेवटी तुझ्या हातात पंधरा तास असतात, आणि बऱ्याच ठिकाणी तेवढेही नसतात. तुझ्या सेंटरवाल्याचे सहा आठवडे म्हणजे बहुधा मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरचा कोर्स. हे नियम जुलै २०२१ पासून लागू झाले. जड वाहनांचा कोर्स ३८ तासांचा, सहा आठवड्यांत पुरा करायचा, सिम्युलेटर आणि स्वतःचा ट्रॅक असतो, आणि तिथे पास झाल्यावर आरटीओत पुन्हा चालवून दाखवावं लागत नाही. पुण्यात भोसरीच्या सीआयआरटी या रस्ते वाहतुकीच्या संस्थेचंही ड्रायव्हर ट्रेनिंगचं काम जुनं आहे.

दोन्हींत कुठे जायचं हे तुझ्या परिस्थितीवर आहे. सहा आठवडे पिकअप उभी ठेवून घर चालणार असेल तर सेंटरला जा, तिथे निदान चूक केली तर भिंत पडत नाही. घर चालणार नसेल तर गावाजवळचा क्लास धर. फक्त पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचार. गाडीला एअर ब्रेक आहे का. पंधरा तासांची नोंद कुठे आणि कोण करतो. आणि भरलेल्या गाडीवर एक दिवस तरी बसवणार का. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण हसतील. हसू दे.

कारण सगळं तिथेच अडतं. क्लासची गाडी रिकामी, टेस्टची गाडीही रिकामी. आरटीओचा साहेब चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला लावतो, रिव्हर्स घ्यायला लावतो, संपलं. आणि मग मालक तुझ्या हातात दहा टायर देतो, जिचं मालासकट पासिंग साडेअठ्ठावीस टनांचं आहे. रिकामी असताना ती गाडी दहा टनांच्या आत-बाहेर होती. तेच स्टेअरिंग, तोच ब्रेक, आणि मागून जवळजवळ तिप्पट वजन ढकलतंय. पिकअप चालवणाऱ्या पोरांची खोड मला पहिल्या दिवशीच कळते. ते ब्रेक उशिरा मारतात. पिकअपला ते चालतं. ट्रक पळवायला आठ दिवसांत येतो रे, थांबवायला वर्ष जातं. माझ्याकडे आलास तर पहिला आठवडा मी तुला तेवढंच शिकवीन.

माझंच सांगतो. क्लीनर म्हणून दोन वर्षं काढली होती आणि उस्तादांनी नुकतंच स्टेअरिंग हातात द्यायला सुरुवात केली होती. कराडहून साखर भरून चिपळूणला निघालो, कोयनानगर सोडलं, कुंभार्ली घाटाचा उतार लागला. मी जोशात चौथ्यात गाडी सोडली आणि पाय ब्रेकवर ठेवूनच वळणं घेत गेलो. उस्ताद डोळे मिटून बसलेले. चार-पाच वळणांनंतर केबिनमध्ये जळका वास आला, रबर आणि लोखंड एकत्र भाजल्यासारखा. पेडल दाबलं की आधीपेक्षा खोल जायला लागलं आणि गाडी ऐकेना. उस्तादांनी डोळे न उघडता विचारलं, “वास आला का?” मग कडेला रुंद जागा दिसताच डोंगराच्या बाजूने गाडी लावायला लावली. मी खाली उतरलो तर मागच्या ड्रममधून धूर. पाण्याचा कॅन घेऊन धावलो, तर त्यांनी मनगट धरलं. तापलेल्या ड्रमवर गार पाणी ओतलं की ड्रम तडकतो. चाकांना दगड लावले आणि तास-सव्वा तास तिथेच बसलो. त्या वेळात ते एक वाक्य बोलले: ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असतास त्याच गिअरमध्ये उतर. बाकी वेळ तंबाखू मळत होते.

ते वाक्य नंतर मी शंभर पोरांना सांगितलंय, पण का ते कळल्याशिवाय पाळलं जात नाही. सलग ब्रेक दाबून धरला की चाकाचा ड्रम आणि त्याला आतून घासणारा लायनर तापतात आणि तापलेला लायनर पकड सोडतो. म्हणून उतारावर वेग इंजिनाने धरायचा. घाटमाथ्यावर, उतार सुरू व्हायच्या आधी, गिअर खाली घ्यायचा आणि एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग धरणारा ब्रेक, चालू करायचा. मग वेग वाढलाच तर ब्रेक नीट जोर देऊन दाबायचा, वेग खाली आला की पूर्ण सोडायचा. पाय नुसता टेकवून ठेवायचा नाही. अर्ध्या उतारात गिअर बदलायला गेलास आणि तो बसला नाही, तर भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये तुझ्या हातात राहते.

एअर ब्रेकचं एक वेगळं गणित आहे, ते पिकअपवरून येणाऱ्याला माहीत नसतं. हवा कॉम्प्रेसर भरतो आणि कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. सकाळी गाडी चालू केली की गेजमध्ये हवा पुरेशी चढेपर्यंत आणि बझर बंद होईपर्यंत हलायचं नाही. उतारावर इंजिन बंद केलंस तर प्रत्येक दाबाला हवा खर्च होते आणि नवीन येत नाही, वर पॉवर स्टेअरिंगही जड होतं. पुण्याला कात्रजचा नवा बोगदा सोडला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे, तू तो पाहिलाच असशील. तिथे जड गाड्यांचे इतके अपघात झालेत की गावाकडच्या माणसालाही पुलाचं नाव पाठ झालंय. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकायची ही जुनी खोड त्यातल्या कित्येक अपघातांच्या मुळाशी आहे. गंमत म्हणजे आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत त्याने काही वाचतही नाही. गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला की इंजिन डिझेल घेणं बंद करतं, न्यूट्रलमध्ये मात्र ते आयडलिंगसाठी थोडं पीतच राहतं. कोणी जुना ड्रायव्हर शहाणपणाने न्यूट्रल शिकवायला लागला तर मान डोलाव आणि गिअर काढू नकोस.

आता मालकाकडे येऊ. काम लगेच मिळतं का, तर लांब पल्ल्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून सहसा नाही. मालक आधी बघतो हेवीचं लायसन किती जुनं आहे, आणि बघायलाच पाहिजे. गाडी तीस-चाळीस लाखांची, माल कधी त्याहून जास्त किमतीचा. शिवाय लायसन खोटं निघालं तर विम्याची कंपनी नुकसानभरपाईचे पैसे मालकाच्या मानेवर बसून वसूल करू शकते. म्हणून शहाणे मालक आता लायसनचा नंबर ऑनलाइन टाकून बघतात. एजंटच्या लायसनचं खरं नुकसान तिथे कळतं. कागद खरा असला तरी पहिल्या दिवशी मालक शेजारी बसून यार्डात रिव्हर्स घ्यायला लावतो, आणि तेव्हा एजंट सोबत नसतो.

मग मधला काळ कसा काढायचा. माझ्या पाहण्यात तीन रस्ते चालतात. पहिला, क्लीनर किंवा सेकंड ड्रायव्हर म्हणून अशा गाडीवर जा जिथे मालक स्वतः चालवतो. तो तुला रात्री मोकळ्या हायवेवर गाडी देईल आणि शेजारी न झोपता बसेल, कारण गाडी त्याची आहे. पगार कमी, शिकणं सगळ्यात जास्त. दुसरा, जवळच्या खेपांचं काम, टिपर, पाण्याचा टँकर, एमआयडीसीतल्या फेऱ्या. इथे रिव्हर्स आणि अरुंद जागा शिकायला मिळते, घाट मिळत नाही. पाण्याच्या टँकरबद्दल सावध राहा. अर्धा भरलेला टँकर सगळ्यात खोडकर, ब्रेक मारल्यावर आतलं पाणी पुढे येऊन पुन्हा धक्का देतं. तिसरा, तुमच्याकडे हंगामात उसाच्या गाड्या लागतात. माणसं लगेच घेतात हे खरं, पण मी नव्या पोराला तिकडे पाठवत नाही. माल उंच, वजन जास्त, रात्रपाळी, आणि फेऱ्यांवर पैसे म्हणून घाई. वर्षभर हात बसल्यावर जा हवं तर.

पिकअपची दोन वर्षं वाया गेली असं समजू नकोस. डाळिंबाचे क्रेट तू रचतोस ना, वरचे क्रेट वळणावर कुठे सरकतात हे तुझ्या अंगात आहे. ट्रकवर तेच मोठ्या प्रमाणात. हौद्यात वजन मागे गेलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग तरंगतं. एका बाजूला गेलं तर वळणावर त्या बाजूचे पाटे बसतात. दोर आणि ताडपत्री स्वतः बांधायला शीक, हमालावर सोडू नकोस. निघाल्यावर थोड्या अंतराने थांबून दोर पुन्हा ताणायचा, कारण माल बसतो आणि दोर सैल होतो. टायरवर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, मारून आवाज ऐकायचा. जोडीतला आतला टायर बसलेला असेल तर बाहेरून दिसत नाही, आवाज मात्र भद्द येतो. फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या उघडणाऱ्या फळीच्या, कड्या बघायच्या. नव्या प्रदूषण नियमाच्या बीएस-६ गाडीत धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकी बघायची, ती संपली की इंजिन ताकद काढून घेतं, आणि ते नेमकं चढावर जाणवतं.

कागदांचंही ट्रेनिंग असतं, ते कुठल्याच क्लासमध्ये नीट देत नाहीत. आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, परमिट, पीयूसी, बिल्टी म्हणजे मालाची पावती, आणि ई-वे बिल म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद. ई-वे बिलाची मुदत साधारणपणे दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. गाडी वाटेत बिघडून पडली तर मालकाला लगेच फोन करून मुदत वाढवून घ्यायची, नाहीतर चेकिंगला तूच उभा असतोस. ओव्हरलोडला दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. काट्यावर गाडी न्यायला नकार दिला तर ४०,०००. कायदा चालवणाऱ्यालाही धरतो आणि चालवायला लावणाऱ्यालाही. मालक तोंडाने म्हणतो ‘मी बघतो’, पण रस्त्यात पोलिसासमोर लायसन तुझं असतं.

नाही म्हणायला शिकणं हे मला फार उशिरा जमलं. ट्रेलरवर असताना एका ट्रान्सपोर्टवाल्याने सलग दुसऱ्या रात्री गाडी काढायला लावली, मी काढली. पहाटे चारच्या सुमाराला दुभाजकाला चाक घासल्याच्या आवाजाने जागा झालो. जागा झालो, म्हणजे त्याआधी झोपलो होतो. किती सेकंद, देव जाणे. दोन टायर गेले, बाकी काही झालं नाही. टायरचे पैसे त्यांनी माझ्या पगारातून कापले. तेव्हापासून रात्री दोन ते पाच या वेळात जांभई आली की गाडी धाब्यावर लावून झोपायचो, फोन वाजला तरी. दोन कामं त्यापायी गेली. तुझ्यावर घर असेल तर काम सोडणं सोपं नाही, हे मला कळतं. म्हणून पहिला मालक निवडताना पगाराआधी त्याच्या जुन्या ड्रायव्हरला भेट आणि त्याला विचार, मालक रात्री किती वेळा फोन करतो.

थोडं पुढचं. दोन-तीन वर्षं हात बसल्यावर पेट्रोल-डिझेल, गॅस, केमिकलच्या टँकरवर जाता येतं. त्याला तीन दिवसांचा वेगळा कोर्स करून लायसनवर धोकादायक मालाची नोंद घ्यावी लागते. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावं, अशी अट त्यात आहे, कारण टँकरवरच्या पाट्या आणि सूचना वाचाव्या लागतात. ही नोंद तीन वर्षांची असते, नूतनीकरणाला पुन्हा एक दिवसाचं ट्रेनिंग. गणित राहू दे, इंग्रजी अक्षरं मात्र आत्तापासून गिरव. आणि प्रवासी गाडीवर जायचं मनात असेल तर बॅजचा वेगळा मार्ग आहे, मालाच्या गाडीला बॅज लागत नाही. एजंट त्याचेही पैसे मागेल.

एक बरी गोष्ट सांगतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालगाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. आम्ही मे महिन्यात इंजिनाच्या उबेवर पाय भाजत विदर्भात जायचो. तुझ्या वाट्याला ते कमी येईल. अर्थात नवी गाडी नव्या पोराला कोणी देत नाही, पहिली दोन वर्षं तू खिडकी उघडीच ठेवणार आहेस.

तर तुझ्यापुरतं असं. एजंटला नाही सांग. लर्निंगचा अर्ज या महिन्यात टाक, पिकअप चालू ठेव, क्लास सकाळचा घे. ते तीस दिवस चालू असतानाच सांगोला-पंढरपूर भागात स्वतः गाडी चालवणारा मालक शोध, आणि सुट्टीच्या दिवशी फुकट का होईना त्याच्यासोबत एक भरलेली खेप मार. शक्यतो घाटाची. स्टेअरिंगला हात लावू नकोस, नुसतं बघ, तो गिअर कुठे खाली घेतो आणि ब्रेक किती वेळा मारतो ते मोज. क्लासची गाडी किती टायरची आहे आणि तिला एअर ब्रेक आहे का, तेवढं बघून कळव. मग पंधरा तासांत काय काय मागून घ्यायचं ते सांगतो.